खाटेजवळची कला : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

रुग्णालयात कलेला जागा असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. परंतु जेथे माणूस वेदना, भीती आणि खर्च ही तिन्ही ओझी एकदमच घेऊन येतो, तेथे तो पुराव्याचा, व्यवस्थेचा आणि सार्वजनिक पैशाच्या न्याय्य वापराचा प्रश्न होतो. भारतीय शास्त्रग्रंथांत एखादा सिद्धान्त मांडण्याआधी त्याच्यावरील आक्षेप पूर्ण ताकदीनिशी मांडण्याची रीत होती; त्या आक्षेपांना पूर्वपक्ष आणि त्यांना दिलेल्या उत्तराला उत्तरपक्ष म्हणत. पुढील संवाद त्याच रीतीने रचला आहे. पूर्वपक्ष मांडणारे गृहस्थ महाराष्ट्रातील एका जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख, म्हणजे शासकीय पदनामाप्रमाणे जिल्हा शल्यचिकित्सक आहेत. उत्तरपक्ष मांडणाऱ्या बाई संगीतोपचाराचे शिक्षण घेऊन रुग्णालयांत काम करतात. दोघेही प्रातिनिधिक आहेत. त्यांनी दिलेले दाखले मात्र प्रसिद्ध संशोधनातील आणि इतिहासातील आहेत.

आरंभीच दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक आहे. कलोपचार म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने, निश्चित उद्दिष्ट ठेवून आणि रुग्णाच्या प्रगतीची नोंद करीत, चित्र, संगीत, नृत्य किंवा नाट्य यांच्या साहाय्याने केलेले उपचाराचे काम. ही संज्ञा एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये, मिडहर्स्ट येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात स्वतः उपचार घेत असतानाच्या अनुभवातून रूढ केली. रुग्णालयीन कला ही याहून सैल गोष्ट आहे: भिंतीवरील चित्रे, वॉर्डातील गायन, बालविभागातील विदूषक, खिडकीबाहेरची बाग हे सारे तिच्यात येते, आणि लंडनमध्ये १९५९ साली शेरिडन रसेल यांनी रुग्णालयांना चित्रे उसनी देण्याची जी योजना सुरू केली ती याच प्रकारची होती. पहिलीकडून ज्या परिणामांची अपेक्षा करावी ते दुसरीच्या माथी मारले जातात, आणि या विषयातील बरीच भांडणे तेथूनच सुरू होतात.

शल्यचिकित्सकांचा पहिला आक्षेप दाव्यांवर होता. "ताई, अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने अर्धशिशी जाते, अशा याद्या छापल्या जातात आणि साधी माणसे त्या खऱ्या मानतात. गोळी बंद करून गाणे लावणाऱ्या रुग्णाला उद्या पक्षाघात झाला, तर त्या यादीचा कर्ता जबाबदारी घेणार आहे का? औषधाबद्दल असे काही म्हणायचे तर चाचण्या द्याव्या लागतात. रागाला ती अट का लागू नसावी?"

"अट लागू असलीच पाहिजे," असे उत्तर आले. "डॉक्टर, एकच राग गायकाप्रमाणे, लयीप्रमाणे आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीप्रमाणे बदलतो, ज्याने आयुष्यभर भजन आणि लावणी ऐकली त्याच्या कानाला विलंबित ख्याल परकाच वाटण्याचा संभव अधिक. रोगाला रागाची जोडी लावणाऱ्या याद्यांना आधार नाही, आणि त्यांनी सर्वांत जास्त नुकसान केले आहे ते याच क्षेत्राचे. संगीत औषधाच्या जागी द्यायचे नाही, औषधासोबत द्यायचे, एवढाच दावा आहे."

ही कबुली केवळ सौजन्यापोटी दिलेली नाही. रागचिकित्सेच्या नावाने जे खपवले जाते त्याच्यापासून स्वतःला स्पष्टपणे वेगळे केल्याशिवाय या क्षेत्रातील कोणालाही वैद्यकाशी बरोबरीने बोलता येणार नाही, आणि मराठी वाचकांपुढे हे निःसंदिग्धपणे सांगण्याची गरज विशेष आहे, कारण आपल्याकडे संगीताविषयीचा आदर मोठा असल्याने त्याच्या नावाने केलेल्या दाव्यांची तपासणी करणे अनेकांना अनादरासारखे वाटते.

"औषधासोबत दिल्याने किती फरक पडतो, ते मोजून सांगा," असा शल्यचिकित्सकांचा पुढचा आग्रह होता. उत्तरादाखल २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याचा दाखला देण्यात आला. प्रौढ रुग्णांवर शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान किंवा नंतर संगीत ऐकवून केलेल्या ७३ यादृच्छिक चाचण्या त्यात एकत्र तपासल्या होत्या. यादृच्छिक चाचणी म्हणजे कोणत्या रुग्णाला संगीत मिळावे आणि कोणाला मिळू नये हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना, जेणेकरून दोन्ही गट सुरुवातीला सारखे राहतात. संगीत ऐकलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि चिंता कमी जाणवली, त्यांनी वेदनाशामकेही कमी घेतली. ज्या चाचण्यांत रुग्ण पूर्ण भुलीखाली होता आणि आपण काही ऐकतो आहोत हे त्याला त्या वेळी कळत नव्हते, त्यांतही थोडा परिणाम दिसला.

"त्याच आढाव्यात आणखी एक निष्कर्ष आहे," शल्यचिकित्सकांनी लक्षात आणून दिले. "रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. खाट लवकर रिकामी होत नसेल, तर बाहेर व्हरांड्यात वाट पाहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय कानात संगीत वाजते आहे की नाही हे जागेपणी रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे वेदना कमी झाली असे तो सांगतो तेव्हा त्यात अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही."

दोन्ही मुद्दे वाजवी आहेत आणि उत्तरपक्षाने ते नाकारले नाहीत. फक्त एवढे विचारले, की रुग्णाच्या वेदनेचे मोजमाप खाटेच्या हिशेबात पडत नसेल तर ती वेदना मोजायचीच नाही काय. वेदनाशामकाची मात्रा कमी लागणे ही गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता कमी होण्याशी जोडलेली बाब आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत रुग्ण उठून बसतो की नाही हे पुष्कळदा याच गोष्टींवर ठरते.

खाटा लवकर रिकाम्या होण्याचा जो दाखला या विषयातील प्रत्येक व्याख्यानात दिला जातो, तो रॉजर उलरिच यांच्या १९८४ मधील अभ्यासाचा होय, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका उपनगरी रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची जुनी कागदपत्रे उलरिच यांनी काढली. एकाच मजल्यावरील काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून तपकिरी विटांची भिंत. खोल्या एरवी सारख्या, परिचारिका त्याच. झाडांना पाने असतात तेवढ्याच महिन्यांतील, म्हणजे मे ते ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदी घेतल्या, आणि वय, लिंग, वजन, धूम्रपानाची सवय अशा बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणाऱ्या रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतरचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवस होता, भिंत दिसणाऱ्यांचा ८.७० दिवस. याहून बोलका पुरावा परिचारिकांच्या शेऱ्यांत आहे: रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे, त्याला फार धीर द्यावा लागतो, अशा अर्थाचे शेरे भिंतीकडच्या रुग्णांमागे सरासरी चारच्या आसपास होते, झाडांकडच्यांमागे एकच्या थोडे वर. हे शेरे लिहिताना कोणाच्याही मनात खिडकीचा विचार नव्हता. ड्युटीवरच्या सिस्टरने आपले रोजचे काम म्हणून ते लिहिले होते, आणि म्हणूनच त्यांना मोल आहे.

"एकूण ४६ रुग्ण, एकच रुग्णालय, एकच शस्त्रक्रिया," शल्यचिकित्सक म्हणाले, "आणि ती शस्त्रक्रिया आता दुर्बिणीने होते व रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातो. त्यातून खिडकीबाहेर होते ते झाड होते, चित्र नव्हे. यावरून वॉर्डात चित्रे लावायचा निष्कर्ष कसा निघतो?"

निष्कर्ष तसा निघत नाही, आणि चित्र लावले की बरे वाटतेच असे नाही हे उलरिच यांच्याच पुढील कामातून दिसले. स्वीडनमधील उप्साला येथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १६० रुग्णांच्या नजरेसमोर वेगवेगळी चित्रे ठेवून पाहण्यात आले. झाडे आणि पाणी असलेल्या मोकळ्या दृश्याने चिंता कमी झाली. सरळ रेषा आणि चौकोन यांच्या अमूर्त चित्राने मात्र, काहीच न लावलेल्या गटापेक्षाही चिंता वाढली. खाटेला खिळलेला माणूस कलादालनातून बाहेर पडावा तसा वॉर्डातून बाहेर पडू शकत नाही. त्याच्यासमोर जे टांगले असेल ते त्याला पाहावेच लागते. चित्र निवडणाऱ्याला आणि ते पाहणाऱ्याला एकच गोष्ट आवडेल, हे गृहीत येथे महाग पडते.

लहान मुलांच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १६ वर्षे वयाच्या २५० हून अधिक मुलांना रुग्णालयाची सजावट कशी असावी असे विचारले, तेव्हा मोठ्यांनी हौसेने रंगवलेले विदूषक मुलांना सरसकट नकोसे वाटल्याचे आढळले. काहींना तर त्यांची भीती वाटत होती. "मुलांसाठी म्हणून जे केले जाते ते मुलांना विचारून केलेले नसते," हा शल्यचिकित्सकांचा शेरा उत्तरपक्षाने जसाच्या तसा मान्य केला. मात्र त्याला जोडून २००५ साली प्रसिद्ध झालेला इटलीतील एक प्रयोग पुढे ठेवला. फ्लोरेन्स येथील मायर बालरुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ५ ते १२ वर्षांच्या ४० मुलांपैकी निम्म्यांसोबत, भूल देण्याच्या वेळी पालकाशिवाय विदूषकही होते. भिंतीवरच्या विदूषकाला मूल काय म्हणते ते कळत नाही, या विदूषकांना कळत होते. मूल मागे सरले की ते थांबत, हसले की पुढे जात. या मुलांची भीती स्पष्टपणे कमी भरली. शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांनीही मुलांना फायदा झाल्याचे मान्य केले, आणि तरी त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी उपक्रम पुढे चालू ठेवण्यास विरोध दर्शवला, कारण कामाच्या क्रमात अडथळा येतो असे त्यांचे म्हणणे पडले.

"त्या कर्मचाऱ्यांची बाजू कोणी ऐकत नाही," शल्यचिकित्सक म्हणाले. "ऑपरेशन थिएटरमध्ये प्रत्येक माणसाची जागा ठरलेली असते. एक जादा माणूस म्हणजे जंतूंची एक जादा वाट, आणि भूलतज्ज्ञाच्या लक्षाला एक जादा ओढ. मूल हसले याचा आनंद सर्वांनाच होतो. पण श्वासनलिकेत अडचण आली तर जबाबदारी विदूषकावर येत नाही."

"म्हणूनच ती अडचण थिएटरच्या लोकांशी आधी बसून सोडवायची असते," बाईंनी उत्तर दिले. "कोण कुठे उभे राहील, कोणत्या क्षणी बाहेर जाईल, हात कसे धुतले जातील, हे ठरवल्याशिवाय आत पाऊल टाकणारा कलाकार कितीही गुणी असला तरी रुग्णालयात कामाचा नाही. फ्लोरेन्सच्या निष्कर्षातून कलेचा पराभव दिसत नाही, डॉक्टर. तयारीची उणीव दिसते."

शल्यचिकित्सकांचा सर्वांत भक्कम आक्षेप यानंतर आला, आणि तो रुग्णालयीन कलेवर नसून थेट कलोपचारावर होता. ब्रिटनमध्ये छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असलेल्या ४१७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. एका गटाला वर्षभर दर आठवड्याला प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली चित्रकलेची सत्रे देऊ केली, दुसऱ्याला साध्या सामूहिक उपक्रमांची सत्रे, तिसऱ्याला नेहमीची सेवाच मिळाली. दोन वर्षांनी पाहिले तर तिन्ही गटांच्या एकूण कार्यक्षमतेत किंवा मानसिक लक्षणांत फरक नव्हता. "येथे कलाकार हौशी नव्हते, संख्या लहान नव्हती, पद्धत ढिली नव्हती. मग?"

"मग तेवढ्यापुरते हे मान्य करायचे, की अशा आजारात, अशा स्वरूपात, सर्वांना सरसकट देऊ केलेला चित्रोपचार उपयोगी पडला नाही," असे उत्तर मिळाले. "पण त्या चाचणीत चित्रोपचार देऊ केलेल्यांपैकी सुमारे दोन पंचमांश रुग्ण एकाही सत्राला आले नाहीत. चिठ्ठी टाकून एखाद्याच्या वाट्याला चित्रकला आली म्हणून त्याला रंग हातात घ्यावेसे वाटतीलच असे नाही. न आलेल्यांनी आपले मत पायांनी दिले, आणि तेही ऐकले पाहिजे." या उत्तराने चाचणीचा निष्कर्ष पुसला जात नाही, हे येथे नमूद केले पाहिजे; जे देऊ केले असता माणसे येत नाहीत, त्याला व्यवहारात उपचार म्हणणे अवघडच असते. परंतु रुग्णाची इच्छा ही चाचणीत एक त्रासदायक अडथळा म्हणून येते आणि कलेच्या कामात तीच पाया असते, ही अडचण मात्र खरी आहे.

इच्छेचा हा धागा फिलाडेल्फिया येथील एका चाचणीत, जवळजवळ नकळत, हाती लागतो. हात किंवा पाय बधिर करण्यासाठी मज्जातंतूजवळ सुई टोचण्यापूर्वी १५७ रुग्णांपैकी काहींना मिडाझोलॅम हे चिंताशामक औषध शिरेतून दिले, तर काहींना कानाला हेडफोन लावून शांत संगीत ऐकवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत चिंता दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. तरीही संगीत ऐकणाऱ्यांचे समाधान कमी भरले, आणि संशोधकांनी त्याचे संभाव्य कारण असे दिले की, गाणे संशोधकांनी ठरवलेले होते, रुग्णांना निवड नव्हती. बाहेरचा आवाज अडवणाऱ्या हेडफोनमुळे डॉक्टर आणि रुग्ण यांना एकमेकांशी बोलणेही जड गेले. लॅन्सेटच्या आढाव्यात गाणे कोणी निवडले याने वेदनेत फारसा फरक पडलेला दिसत नाही, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. याचा अर्थ असा की निवडीचा हक्क हा गाण्याचा गुण वाढवण्याचा उपाय म्हणून मागता येत नाही. तो वेगळ्या कारणासाठी मागावा लागतो. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे कपडे, जेवण, झोपेची वेळ, शेजार, एवढेच काय, अंगावरचे पांघरूण कधी दूर होईल हेही दुसरे कोणी ठरवते. अशा ठिकाणी काय ऐकायचे, केव्हा थांबवायचे आणि मुळीच नको म्हणायचे, एवढे तरी त्याच्या हाती राहणे हे परिणामाच्या आकड्यांवर अवलंबून ठेवता येत नाही.

एका क्षेत्रात मात्र शल्यचिकित्सकांनी वाद घातला नाही. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाला पक्षाघाताने इजा झाली की अनेकांची वाचा जाते. बोलणे समजते, काय म्हणायचे ते मनात असते, पण शब्द उच्चारता येत नाही. अशा वाचाघाताच्या रुग्णाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, तरी वार ओळीने म्हणता येतात, आकडे म्हणता येतात, घरात वर्षानुवर्षे म्हटलेली आरती पहिल्या शब्दाला आधार दिला की पुढे सुरू होते. नातेवाइकांना हा चमत्कार वाटतो आणि मग हेच नाव का सांगत नाही म्हणून ते चिडतातही. पाठ झालेल्या, तालात बसलेल्या बोलण्याचा मार्ग नवे वाक्य रचण्याच्या मार्गाहून बराचसा वेगळा आहे, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. १९७० च्या दशकात बोस्टन येथे याच आधारावर सुरावर उपचार बांधला गेला: रोजच्या गरजेचे छोटे वाक्य सुरात म्हणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा, आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. पुढे २०११ मध्ये जर्मन संशोधकांनी १७ रुग्णांवर केलेल्या कामातून असे सुचवले, की येथे सुराहून ताल आणि शब्दांची ओळख यांचा वाटा मोठा असावा. मराठी घरांत ओव्या, आरत्या, पाढे, बडबडगीते यांचा जो साठा असतो तो या दृष्टीने बहुमोल आहे, कारण त्यात ताल आणि ओळख दोन्ही आहेत. बाईंच्या मते भाषोपचारकाने केसपेपरवर रुग्णाला काय पाठ आहे हे पहिल्याच दिवशी नातेवाइकांना विचारून लिहून ठेवावे.

हेलसिंकी येथील २००८ चा अभ्यासही याच टप्प्यावर आला. पक्षाघात झालेल्या ६० रुग्णांपैकी एका गटाने दोन महिने रोज निदान तासभर स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने ध्वनिमुद्रित पुस्तके, तिसऱ्याला यापैकी काही दिले नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष केंद्रित करण्याची क्षमता अधिक सुधारली, उदासीनताही कमी राहिली. पार्किन्सन्सच्या आजारात अडखळणारे पाऊल बाहेरून येणाऱ्या ठेक्याने सुटते, हे तर आता नेहमीच्या फिजिओथेरपीचा भाग झाले आहे. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसोबत नृत्यवर्ग चालवले, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

"हे सगळे उपचार आहेत, आणि त्यांना उपचार म्हणून पद मंजूर करून घेता येईल," शल्यचिकित्सक म्हणाले. "प्रश्न बाकीच्यांचा आहे. एका खाटेवर दोन रुग्ण, खाली सतरंजीवर तिसरा, रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. अशा ठिकाणी गायन ठेवणे रुग्णांना कसे दिसेल? आधी सलाइन, आधी रक्त, आधी माणसे. कला श्रीमंतांच्या रुग्णालयाला शोभते."

हा आक्षेप नवा नाही, आणि त्याचे मूळ थेट चरकसंहितेत सापडते. सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय नावाच्या अध्यायात रुग्णासाठी सज्ज करावयाच्या घराचे वर्णन आहे. ते वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित पण एका बाजूने हवा खेळणारे असावे, धूर, ऊन, धूळ यांचा उपद्रव तेथे नसावा, नको असलेले आवाज आणि वास पोचू नयेत. स्वयंपाकघर, न्हाणी, शौचाची जागा असावी. आणि सेवकांबरोबरच गायन, वादन, श्लोक, गाथा, कथा, इतिहास, पुराणे यांत कुशल असलेली माणसे असावीत. त्याच अध्यायात हे सारे राजासाठी, राजासारख्यासाठी किंवा विपुल द्रव्य असलेल्यासाठी आहे असे सांगितले आहे, आणि सर्वांना सर्व साधने मिळत नाहीत, तेव्हा गरिबाने जमेल ते औषध घ्यावे अशी पुस्तीही जोडली आहे. शल्यचिकित्सकांचे म्हणणे यापेक्षा निराळे नाही.

"पण डॉक्टर, त्या यादीचा क्रम पाहा," बाई म्हणाल्या. "नको असलेला आवाज नसणे हे गाणाऱ्यांच्या आधी आले आहे. आणि गाणारे कसे असावेत? रुग्णाचे मन ओळखणारे, त्याला मान्य असलेले, आणि स्थळकाळाचे भान असलेले. या तिन्ही अटींना पैसा लागत नाही."

या उत्तरात प्रस्तुत विषयाचे मर्म आले आहे, असे म्हणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार वॉर्डात रात्री ३० डेसिबल, म्हणजे कुजबुजीइतकाच, आवाज असावा. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवून तेथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल घातली. प्रत्यक्षात जनरल वॉर्डात काय ऐकू येते, हे एक रात्र तेथे काढणाऱ्याला सांगावे लागत नाही: वंगण नसलेल्या ट्रॉलीच्या चाकांचा कर्रकर्र, फरशीवर पडलेले स्टीलचे भांडे, मॉनिटरची न थांबणारी टिकटिक, कोणाच्या तरी मोबाइलवरचे मोठ्याने लावलेले व्हिडिओ, दाराशी मामा-मावशींची हाकाहाक, आणि सणासुदीला रस्त्यावरचे ध्वनिक्षेपक. झोप मोडलेल्या रुग्णाला वेदना अधिक जाणवते. अशा गोंगाटात आणखी एक ध्वनिक्षेपक लावून त्यावर सकाळ-संध्याकाळ भक्तिगीते सोडणे, जे अनेक ठिकाणी सद्भावनेने केले जाते, ते रुग्णालयीन कलेच्या नावाखाली येऊ नये. निरनिराळ्या धर्मांची, रुचीची, वयाची आणि दुखण्याची माणसे एका वॉर्डात असतात, आणि ज्याला ते ऐकायचे नाही त्याला उठून जाता येत नाही. चाकांना तेल घालणे आणि भोंगा उतरवणे हे संगीतोपचाराचे पहिले काम म्हणून सांगायला कोणी तयार होत नाही, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. पण ते पहिलेच काम आहे.

शल्यचिकित्सकांनी येथे एक वेगळाच प्रश्न काढला, आणि तो आक्षेप म्हणून विचारलेला नव्हता. ज्यांच्यासाठी वैद्यकाकडे आता काही उरलेले नाही, त्यांच्या खाटेजवळ कला काय करणार? उत्तरादाखल बाईंनी इझनहाइम येथील वेदीचित्राकडे लक्ष वेधले. आजच्या फ्रान्समधील आल्सास प्रांतात अँटनी संप्रदायाच्या साधूंचा मठ आणि त्याचे रुग्णालय होते. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीची विषबाधा झालेले रुग्ण तेथे येत. या रोगात अंगाची आग होई, हातपाय काळे पडून गळत, पुष्कळदा ते कापावे लागत. त्या रुग्णांसमोर असावे म्हणून मॅथियास ग्रुनेवाल्ड याने १५१२ ते १५१६ या काळात जे चित्र काढले, त्यात क्रुसावरच्या ख्रिस्ताची काया हिरवट पडलेली, काट्याकुट्यांनी आणि व्रणांनी भरलेली, बोटे वेदनेने वाकडी झालेली आहेत. दुसऱ्या फलकावर फोडांनी भरलेला, पोट फुगलेला एक रोगीच बसलेला आहे. हे चित्र आता कोलमार येथील उंटरलिंडन संग्रहालयात आहे. त्यात चिंता कमी करणारे काहीही नाही, आणि उप्सालाच्या मोजपट्टीवर ते बहुधा टिकणार नाही. "तरी आपल्या देहाला जे झाले ते कोणीतरी नजर न फिरवता पाहिले आहे आणि आपल्या देवालाही तेच भोगायला लावले आहे, हे त्या रुग्णांना तेथे दिसत होते," बाई म्हणाल्या. "शेवटच्या आजारातील माणसाला दरवेळी हसवायचे नसते. त्याला जे सांगायचे असते ते सांगण्यासाठी कधी एखादा अभंग लागतो, कधी रंग लागतो, कधी नुसते ऐकणारे माणूस."

शल्यचिकित्सकांनी यावर मतभेद दाखवला नाही. परंतु हे काम करणाऱ्या माणसाला पगार कोणत्या शीर्षाखाली द्यायचा, हे विचारले. स्वयंसेवकांवर ते सोडावे, या सूचनेला उलट उत्तरपक्षाचाच विरोध होता, कारण आठ दिवस येऊन नवव्या दिवशी न येणारा स्वयंसेवक मरणाऱ्या माणसाजवळ पाठवणे हे त्याला एकटे ठेवण्यापेक्षा क्रूर ठरू शकते. कंत्राटी का होईना, पण प्रशिक्षित, ठरलेल्या वेळी येणारी आणि केसपेपरवर आपली नोंद करणारी व्यक्ती हवी, यावर दोघांचे एकमत झाले. पद मंजूर होईल की नाही यावर मात्र झाले नाही.

सुरुवात कोठून करावी, या प्रश्नावर शल्यचिकित्सकांनी जळीत वॉर्डाची ड्रेसिंगची खोली सुचवली, आणि ही निवड विचार करून केलेली होती. जखमेवरची पट्टी सोडवताना वेदनाशामक देऊनही रुग्ण किंचाळतात, आणि रोज तीच वेळ येणार या धास्तीने आदल्या रात्रीपासून झोपत नाहीत. सिएटल येथील हार्बरव्ह्यू रुग्णालयात अशा वेळी रुग्णाच्या डोळ्यांपुढे संगणकाने उभे केलेले बर्फाच्छादित जग ठेवून, त्यात बर्फाचे गोळे फेकण्यात त्याचे मन गुंतवण्याचे जे काम झाले, त्याने वेदना खरोखर उतरते असे दिसले आहे. वेदनेला जाणवण्यासाठी लक्ष लागते आणि लक्ष मर्यादित असते, हे त्यामागचे तत्त्व आहे. तेवढी यंत्रसामग्री नसली तरी रुग्णाने आधी निवडून ठेवलेले गाणे, किंवा त्याच्याबरोबर गोष्ट सांगत जाणारे माणूस, ड्रेसिंगच्या वेळी ठेवता येईल. ड्रेसिंगआधी व नंतर वेदनेचा आकडा रुग्णालाच विचारून कागदावर लिहिता येईल, आणि तीन महिन्यांनी ते कागद काढून पाहता येतील.

"एक अट," शल्यचिकित्सक म्हणाले. "सिस्टरने थांबा म्हटले की त्या क्षणी थांबायचे."

"मान्य," बाईंनी उत्तर दिले, "पण पहिला अधिकार रुग्णाचा आणि त्यानंतर सिस्टरचा, असे लेखी आदेशात लिहा."

शल्यचिकित्सकांनी क्रम बदलून दिला, आणि रुग्णाला बोलता येत नसेल तेव्हा त्याने थांबण्याची खूण हाताने करावी की डोळ्यांनी, यासाठी आदेशात एक स्वतंत्र कलम घालावे लागले.